१६.७ मेगाबाइट, पण हमाल कोण?

एक कोडं घालतो. जुन्या आयडीई हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात तीन मोड सापडायचे: पीआयओ मोड ४, मल्टिवर्ड डीएमए मोड २ आणि अल्ट्रा डीएमए मोड ०. तिघांचाही कमाल वेग सेकंदाला १६.७ मेगाबाइट. अगदी दशांशापर्यंत सारखा. वेग एकच, तर मोड तीन कशाला? स्टँडर्ड बनवणाऱ्या मंडळींना दुसरे उद्योग नव्हते का?

एकक सारखं केलं की तुलना झाली, असं आपण सगळेच धरून चालतो. मेगाबिटचे मेगाबाइट करा, नॅनोसेकंदांचे 'मेगाबाइट दर सेकंदाला' करा, दोन आकडे शेजारी ठेवा, मोठा तो चांगला. ऑफिसातल्या निम्म्या प्रेझेंटेशन्स अशाच बनतात :) आयडीईच्या इतिहासात मात्र या सवयीने लोकांचे पैसे आणि वेळ दोन्ही गेले. म्हणून आज जरा धूळ झटकून तो इतिहास काढू.

आधी हे रूपांतर करतात कसं ते बघू, कारण ते फारच सोपं आहे. आयडीईच्या त्या रुंद चपट्या केबलमधून एका वेळी १६ बिट, म्हणजे २ बाइट जायचे. हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदललं नाही. त्यामुळे एका सायकलला किती वेळ लागतो तेवढं कळलं की झालं. पीआयओ मोड ० ची सायकल ६०० नॅनोसेकंदांची. २ बाइट भागिले ६०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लाख बाइट, अर्थात ३.३ मेगाबाइट. बस्स, एवढंच. बाकीचे मोड असे (आधी सायकल नॅनोसेकंदांत, मग वेग मेगाबाइटमध्ये):

पीआयओ ० ते ४: ६००, ३८३, २४०, १८०, १२०
वेग: ३.३, ५.२, ८.३, ११.१, १६.७

मल्टिवर्ड डीएमए ० ते २: ४८०, १५०, १२०
वेग: ४.२, १३.३, १६.७

अल्ट्रा डीएमए ० ते ६: २४०, १६०, १२०, ९०, ६०, ४०, ३०
वेग: १६.७, २५, ३३.३, ४४.४, ६६.७, १००, १३३.३

चाणाक्ष वाचकाने एव्हाना हात वर केला असेल. अल्ट्रा डीएमए मोड ० ला २४० नॅनोसेकंद लागतात, मग २ भागिले २४० म्हणजे ८.३ यायला हवेत, १६.७ कुठून आले? बरोबर. अल्ट्रा डीएमएमध्ये एका सायकलीत दोनदा डेटा जातो, म्हणून तिथे २ ऐवजी ४ बाइट धरायचे. का, ते पुढे येईलच.

दुसरा एक सापळा मेगाबाइटचा. वरचे मेगाबाइट दहा लाख बाइटचे आहेत. विंडोज 'एमबी' म्हणतं तेव्हा १०,४८,५७६ बाइट धरतं. त्या मापाने १६.७ चे १५.९ होतात आणि १३३.३ चे १२७.२. आयईसीने १९९८ मध्ये या मोठ्या मापाला मेबीबाइट असं वेगळं नाव दिलं, पण बोलताना ते कोणी वापरत नाही. असो.

हिशोब झाला, कोडं तसंच आहे. त्यासाठी १९८४ मध्ये जायला लागेल.

त्या वर्षी आयबीएमने पीसी/एटी बाजारात आणला. ६ मेगाहर्ट्झचा ८०२८६ आणि १६ बिटची बस. त्याच्या आधीच्या पीसी/एक्सटीमध्ये (१९८३) हार्ड डिस्कचा डेटा मेमरीत पोचवायचं काम एक वेगळी डीएमए चिप करायची. एटीमध्ये आयबीएमने हे काम काढून थेट सीपीयूला दिलं. कारण अगदी व्यवहारी होतं. पोर्टवरून सलग शब्द उचलून मेमरीत टाकत जाणारी एक सूचना २८६ मध्ये होती, आणि मदरबोर्डवरच्या जुन्या डीएमए चिपपेक्षा तो हे काम पटापट उरकायचा.

मार्केट यार्डातला गाळा डोळ्यांसमोर आणा. हमाल इतका म्हातारा झालाय की मालक म्हणतो, "तू बस बाबा, मीच उचलतो पोती." याचं नाव पीआयओ, म्हणजे प्रोग्रॅम्ड इनपुट-आउटपुट. प्रत्येक दोन बाइट सीपीयूने स्वतः उचलायचे.

तेव्हा यात काही गैर नव्हतं. त्या काळातल्या नेहमीच्या डिस्कवर एका ट्रॅकमध्ये ५१२ बाइटचे १७ सेक्टर असायचे आणि ती मिनिटाला ३६०० फेरे घ्यायची. म्हणजे सेकंदाला ६० फेरे. १७ गुणिले ५१२ गुणिले ६० म्हणजे फार तर सव्वापाच लाख बाइट. पोतीच इतकी कमी, मालकाला उचलायला कितीसा वेळ लागणार?

१९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी मिळून कंट्रोलर कार्ड डिस्कच्याच पाठीवर बसवलं. त्याचं नाव पडलं आयडीई. बारकाईने बघितलं तर यात नवा इंटरफेस असा काही नव्हता. एटीची बसच ४० तारांच्या केबलमधून डिस्कपर्यंत लांबवली होती. म्हणून १९९४ मध्ये आन्सीने त्याचं स्टँडर्ड केलं तेव्हा नावही 'एटी अटॅचमेंट', म्हणजे एटीए असंच ठेवलं. बसबरोबर मालकाने पोती उचलायची रीतही वारशाने आली.

मग डिस्क वेगवान होत गेल्या. ८.३ मेगाबाइट म्हणजे जुन्या आयएसए बसची जवळजवळ हद्दच. १९९४ मध्ये वेस्टर्न डिजिटलने 'एन्हान्स्ड आयडीई' आणलं, सीगेटने 'फास्ट एटीए'. पीसीआयसारख्या वेगवान बसमुळे पीआयओ मोड ३ आणि ४ शक्य झाले. खोक्यावर १६.७ छापून आलं. सगळे खूश.

आता मालकाच्या बाजूने बघा. मोड ४ मध्ये दर दोन बाइटना १२० नॅनोसेकंद. १०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमची एक टिक १० नॅनोसेकंदांची, म्हणजे एक शब्द उचलायला १२ टिका. एका सेक्टरमध्ये असे २५६ शब्द, म्हणजे तीन हजारांच्या वर टिका फक्त हमालीत. आणि गंमत अशी की सीपीयू जितका वेगवान तितकं नुकसान मोठं! १ गिगाहर्ट्झच्या सीपीयूला त्याच एका शब्दासाठी १२० टिका थांबावं लागतं, कारण केबल आपल्याच गतीने चालते. ७०० मेगाबाइटची एक सीडी इमेज मोड ४ ने वाचायची तर आदर्श परिस्थितीतही ४४ सेकंद लागतात. ती ४४ सेकंदं सीपीयूची, दुसऱ्या कुणाची नाहीत. लाखभर पगाराचा आर्किटेक्ट झेरॉक्स मशिनपाशी उभा केल्यासारखं.

यावर उत्तर म्हणजे तरणाबांड हमाल ठेवणं. १९९५ मध्ये इंटेलच्या ट्रायटन चिपसेटमध्ये 'बस मास्टर' आयडीई आलं. सीपीयूने फक्त सांगायचं, की अमुक सेक्टर मेमरीत तमुक ठिकाणी टाक आणि झालं की हाक मार. उचलाउचल चिपसेट करणार. मल्टिवर्ड डीएमए मोड २ ची सायकलसुद्धा १२० नॅनोसेकंदांचीच. म्हणून वेग पुन्हा १६.७.

कोड्याचा पहिला अर्धा भाग इथे सुटला. पीआयओ ४ आणि मल्टिवर्ड डीएमए २ यांत पोती तेवढीच, वेळ तेवढाच, पण एकीकडे मालक घामाघूम आणि दुसरीकडे मालक हिशोबाला मोकळा. नुसता वेग मोजणाऱ्या बेंचमार्कवर हा फरक दिसायचा नाही. डॉसमध्ये तर दिसायची गरजही नव्हती, कारण डेटा येईपर्यंत सीपीयूला दुसरं कामच नसायचं. विंडोज ९५ आणि लिनक्सवर एका वेळी चार कामं चालायला लागली तेव्हा फरक जाणवू लागला. तरीही कितीतरी मशिनांवर डीएमए बंदच असायचं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन चौकोनात टिक करावी लागायची, लिनक्सवर मार्क लॉर्डचं एचडीपार्म चालवावं लागायचं. 'वेग तर तेवढाच आहे, कशाला हात लावा' हा युक्तिवाद सगळीकडे चालायचा.

उरला अल्ट्रा डीएमए. क्वांटम आणि इंटेलने तो पुढे आणला आणि १९९८ च्या एटीए-४ स्टँडर्डमध्ये तो आला. त्यात दोन गोष्टी बदलल्या.

पहिली वेगाची. आधीच्या मोडमध्ये डेटा वाचायचा तर मदरबोर्डने 'दे' असा इशारा पाठवायचा, तो केबलभर जायचा, मग डिस्कने डेटा ठेवायचा, तो केबलभर परत यायचा. जाऊन-येऊन प्रवास. अल्ट्रा डीएमएमध्ये जो डेटा पाठवतो तोच इशाराही पाठवतो, दोघं एकाच दिशेने जोडीने निघतात. शिवाय इशारा वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा, असा दोनदा डेटा घेतला जातो. मघाचं २ आणि ४ बाइटचं रहस्य ते हे. म्हणूनच मोड २ ची सायकल जुनीच १२० नॅनोसेकंदांची असूनही वेग दुप्पट, ३३.३.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याआधी आयडीई केबलवरून जाणाऱ्या डेटाची कसलीही तपासणी होत नव्हती. डिस्कच्या तबकडीवर चूक सुधारणारे कोड होते, पण केबलवर काहीच नाही. विचार करा, फाइल डिस्कवर लिहिताना केबलमध्ये एक बिट उलटला. डिस्कला काय कळणार? ती त्या चुकीच्या डेटाचा व्यवस्थित कोड काढणार आणि तो चुकीचा डेटाच इमानेइतबारे वर्षानुवर्षं जपणार. अल्ट्रा डीएमएने केबलच्या दोन्ही टोकांना १६ बिटचा सीआरसी बसवला. डेटाचा एक हप्ता संपला की दोन्ही बाजू आपापली बेरीज ताडून बघतात. जुळली नाही तर डिस्क 'चूक' म्हणून कळवते आणि तो डेटा पुन्हा पाठवला जातो. यार्डाच्या भाषेत, हमालाच्या जोडीला मापाडी आला.

म्हणून अल्ट्रा डीएमए मोड ०. वेग जुनाच, १६.७. पण आता पोती मोजून घेतली जातात. तीन मोड, तीन वेगळे सौदे: मालक स्वतः, हमाल, आणि हमाल अधिक मापाडी. आकडा एकच, कारण आकड्यात हमाली आणि मापाई धरलेलीच नाही.

पुढे वेग वाढत गेला. मोड २ च्या वर जायचं तर ४० तारांची केबल पुरेना, तारा एकमेकींत कुजबुजायला लागल्या. मग ८० तारांची केबल आली. पिना ४०च, पण प्रत्येक सिग्नलच्या शेजारी एक अर्थिंगची तार. केबलची कमाल लांबी १८ इंच. आणि इथेच एक विनोद झाला, जो अनेकांना महागात पडला.

मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये एक नियम घातला होता. एखाद्या डिस्कवर किंवा सीडी ड्राइव्हवर सीआरसीच्या किंवा टाइमआउटच्या सहा चुका साचल्या की विंडोज त्या उपकरणाला खालच्या मोडवर उतरवायचं. पुन्हा सहा, पुन्हा खाली. असं करत करत शेवटी पीआयओ. चुका लागोपाठ व्हायला हव्यात असंही नव्हतं. वर्षभरात मिळून सहा झाल्या तरी चालायचं! पुढे मायक्रोसॉफ्टने यात दुरुस्ती दिली, पण तोपर्यंत बऱ्याच मशिनांचं जे व्हायचं ते झालं होतं.

माझ्या पुण्यातल्या रूममेटचा असेंबल्ड पीसी या तडाख्यात सापडला होता. साधी डीव्हीडी बघताना चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, माउसचा बाण झोपेत चालल्यासारखा सरकायचा. ज्या दुकानातून मशिन घेतलं तिथल्या माणसाने निदान केलं, "प्रोसेसर जुना झालाय, बोर्डासकट बदला." रूममेट तेव्हा नोकरी शोधत होता आणि त्याच मशिनवर जावा शिकत होता. बोर्ड-प्रोसेसरचे पैसे म्हणजे दोन महिन्यांचं भाडं आणि मेस. एका रविवारी मी डिव्हाइस मॅनेजर उघडून बघितला. सेकंडरी चॅनेलवर 'करंट ट्रान्सफर मोड'समोर लिहिलं होतं पीआयओ. ओरखडे पडलेल्या सीड्या घालून घालून त्या ड्राइव्हच्या चुका भरल्या असणार. तो चॅनेल अनइन्स्टॉल केला, मशिन पुन्हा चालू केलं, विंडोजने ड्राइव्ह नव्याने ओळखला आणि अल्ट्रा डीएमए मोड २ परत आला. खर्च शून्य. रूममेटने त्या रात्री पावभाजी खिलवली.

पण त्या नियमातला विनोद बघा. सीआरसीची चूक म्हणजे मापाडी ओरडून सांगतोय, 'माल कमी भरतोय.' सहा वेळा ओरडल्यावर मालकाने काय करावं? मापाडी आणि हमाल दोघांनाही घरी पाठवून स्वतः पोती उचलायला लागावं! पीआयओत सिग्नल संथ असतो, त्यामुळे केबलवर चुका कमी होण्याची शक्यता असते, हे खरं. पण झालेली चूक पकडणारा तिथे कोणीच नाही. खऱ्या दुखण्यावर, म्हणजे वाकलेल्या केबलवर किंवा खराब सीडीवर, कोणी बोट ठेवत नव्हतं. मशिन फक्त हळू व्हायचं, आणि लोक नवीन प्रोसेसर घ्यायचे.

दुसऱ्या बाजूला खोक्यांवर आकड्यांची शर्यत जोरात होती. मॅक्सटरने २००१ मध्ये एटीए/१३३ आणलं. पण त्या सुमारास चांगल्या ७२०० आरपीएम डिस्कच्या तबकडीवरून प्रत्यक्षात ४०-५० मेगाबाइटच्या आसपास डेटा निघायचा. १०० चे १३३ झाल्याने फायदा कुठे? डिस्कच्या २ मेगाबाइटच्या कॅशमध्ये आधीच तयार असलेला डेटा २० ऐवजी १५ मिलिसेकंदांत येणार, एवढाच. शिवाय साध्या ३२ बिट पीसीआय बसचा सगळा मिळून वेगही १३३ मेगाबाइटच. त्यात साउंड कार्ड, नेटवर्क कार्ड सगळ्यांचा वाटा. म्हणजे पीसीआय कार्ड लावून एटीए/१३३ घेणाऱ्याला तो वेग मिळणं शक्यच नव्हतं. इंटेलने तर आपल्या चिपसेटमध्ये १३३ घेतलंच नाही. १०० वर थांबून ते २००३ मध्ये सरळ साटावर गेले.

साटाने १६ तारांची बरोबरी सोडून एकामागून एक बिट पाठवायला सुरुवात केली. वेग १.५ गिगाबिट. याला ८ ने भागलं तर १८७.५ मेगाबाइट येतात, पण ते चूक. साटामध्ये प्रत्येक ८ बिटसाठी तारेवर १० बिट जातात, म्हणून भागायचं १० ने: १५०. पुढचे ३ आणि ६ गिगाबिट म्हणजे ३०० आणि ६००. इथेही तीच गोष्ट, नुसतं एकक बदलून भागत नाही, आत काय चाललंय ते माहीत असावं लागतं.

आणि जुनी नावं? ती अजून आहेत. लिनक्सवर साटा एसएसडी लावून बूट लॉग बघा, 'कॉन्फिगर्ड फॉर यूडीएमए/१३३' अशी ओळ दिसेल. एसएसडी सेकंदाला ५०० मेगाबाइटच्या वर देत असते आणि लॉग तिला १३३ म्हणतो. आकडा आता निव्वळ आडनावासारखा उरलाय.

आपल्या धंद्यात रोज कोणीतरी थ्रूपुटचे दोन आकडे शेजारी ठेवतं. दोन्ही सारखे निघाले की स्वस्त पर्यायावर शिक्कामोर्तब होतं. तिथे विचारायचे प्रश्न आयडीईने केव्हाच शिकवून ठेवलेत: एवढा माल वाहतंय कोण, तेवढ्या वेळात त्याचं दुसरं कोणतं काम अडलंय, पोचलेला माल मोजतंय कोण, आणि मोजणाऱ्याने तक्रार केली तर आपण केबल तपासणार की त्यालाच काढणार?

जाता जाता एक उपयोगाची गोष्ट. घरात साटा डिस्क असेल तर तिची स्मार्ट माहिती काढून बघा. बहुतेक डिस्कवर १९९ नंबरला 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट' असतो. हा तोच १९९८ चा मापाडी, अजून नोकरीवर आहे. हा आकडा कमी होत नाही, त्यामुळे जुन्या पाच-दहा चुका दिसल्या तर घाबरू नका. पण आठवड्या-आठवड्याने तो वाढत असेल तर नवीन डिस्क घ्यायला पळू नका. आधी केबल बदलून बघा.